क्रोधाची फिर्याद

मराठी माणूस ख्रिस्ती असला, तरी क्रोधाविषयीचा त्याचा पहिला धडा बहुधा बायबलातून आलेला नसतो. तो घरातल्या वडीलधाऱ्यांच्या बोलण्यातून, शेजारच्या देवळात चाललेल्या कीर्तनातून आणि शाळेत पाठ केलेल्या मनाच्या श्लोकांतून त्याच्या अंगी केव्हाच मुरून गेलेला असतो, आणि त्या धड्यात काम, क्रोध, लोभ, मोह, मद, मत्सर या सहा शत्रूंच्या मालिकेत क्रोधाला दुसरे स्थान दिलेले असते. पुढे तो मंडळीत वाढतो, धर्मशिक्षणाच्या वर्गात बसतो, आणि सहाव्या शतकात थोरल्या ग्रेगरी पोपने निश्चित केलेल्या सात मूलपापांची यादी त्याच्या कानी पडते, तेव्हा तिच्यातही हा जुना आरोपी हजर असल्याचे त्याला आढळते. दोन्ही परंपरांनी एकाच गुन्हेगारावर बोट ठेवल्यामुळे त्याच्या मनात शंकेला जागा उरत नाही. परिणाम असा होतो की राग आला असता ख्रिस्ती मनुष्य प्रथम तो नाकबूल करतो. चेहरा शांत ठेवतो, आवाज खाली आणतो, प्रार्थनेत तो विषय काढीत नाही, आणि आपण क्षमा केली आहे अशी स्वतःची समजूत घालून घेतो. ही नाकबुली हीच आपल्या मंडळ्यांतील क्रोधाची मुख्य व्याधी आहे असे माझे मत आहे, आणि ते मत मांडण्यासाठीच हा लेखनप्रपंच केला आहे.

हे पुस्तक दिल्लीत लिहिले गेले, आणि त्यावर या प्रदेशाची छाया पडलेली आहे. दिल्ली, गाझियाबाद, नोएडा, फरिदाबाद, गुरुग्राम या परस्परांत मिसळून गेलेल्या शहरांत राहणाऱ्या मनुष्यास क्रोधाची साधने शोधीत हिंडावे लागत नाही. मे-जूनची लू, पंचेचाळीस अंशांच्या घरात जाणारा पारा, दिवाळीच्या सुमारास श्वास कोंडणारा धूर, चौकाचौकांत अडकून पडणारी वाहने, आणि गाडी कोठे उभी करावी या प्रश्नावरून शेजाऱ्या-शेजाऱ्यांत होणारी हातघाई हे सर्व येथील नित्याचे आहे. परंतु एवढ्यावरून या शहराचे पाणीच तापट आहे असा निष्कर्ष काढणे मला मान्य नाही. लक्षपूर्वक पाहिल्यास येथील राग आंधळा नाही असेच दिसून येते. कचेरीत वरिष्ठाने केलेला अपमान जो गृहस्थ मान खाली घालून गिळतो, तोच संध्याकाळी आपल्या गृहसंकुलाच्या फाटकापाशी पोहोचतो, आणि फाटक उघडण्यास क्षणभर उशीर झाला म्हणून बिहार किंवा बुंदेलखंडातून पोटासाठी आलेल्या पहारेकऱ्यावर असा तुटून पडतो की ते शब्द कागदावर उतरवणे अशक्य व्हावे. घरकाम करणारी बाई, सायकलरिक्षावाला, सामान पोहोचविणारा पोरगा, आणि अखेरीस घरातील बायको व मुले अशा पायऱ्यांनी तो राग उतरत जातो. पाणी जसे उताराकडे वाहते तसा हा राग ज्याला उलट उत्तर देता येत नाही त्याच्याकडे वाहतो. आणि तो वाहता असताना त्याचा धनी मात्र माझा माझ्यावर ताबा राहिला नाही असे सांगत असतो. वस्तुतः त्याचा ताबा फार उत्तम असतो. वरिष्ठासमोर त्याने तो दिवसभर सांभाळलेला असतो.

ख्रिस्ती मनुष्याने क्रोधाशी कसे वागावे या प्रश्नाचे उत्तर शोधताना म्हणूनच राग किती आला याहून तो कोणत्या दिशेने गेला याची चौकशी मला अधिक महत्त्वाची वाटते. या चौकशीत मला ज्या व्यक्तीचे सर्वांत अधिक साहाय्य झाले, ती व्यक्ती याच प्रदेशातील आहे. आणि तिचे नाव मराठी वाचकांस फारसे परिचित नसल्यामुळे तिच्याविषयी थोडे विस्ताराने लिहिणे अवश्य आहे.

मास्टर रामचंद्र यांचा जन्म १८२१ साली पानिपतास एका कायस्थ कुटुंबात झाला. पानिपत आज राष्ट्रीय राजधानी क्षेत्रात मोडते, आणि मराठी माणूस त्या गावाचे नाव १७६१ पासून निराळ्याच दुःखाने घेत आला आहे. त्याच गावात जन्मलेला हा मुलगा पुढे दिल्ली कॉलेजात पाश्चात्त्य शास्त्रांचा अध्यापक झाला, उर्दूतून नियतकालिके चालवू लागला, आणि महत्तम व लघुत्तम मानांविषयीच्या प्रश्नांवरील त्याचा गणितग्रंथ १८५० मध्ये कलकत्त्यास छापला गेला. तो ग्रंथ लंडनचे नामांकित गणिती ऑगस्टस डी मॉर्गन यांच्या हाती पडला, आणि त्यांच्या खटपटीने १८५९ मध्ये तो विलायतेत पुन्हा प्रसिद्ध झाला. ईस्ट इंडिया कंपनीच्या संचालकांनी ग्रंथकर्त्यास खिलत व पारितोषिकही मंजूर केले. दरम्यान ११ जुलै १८५२ रोजी काश्मिरी दरवाजाजवळच्या सेंट जेम्स चर्चमध्ये, म्हणजे कर्नल स्किनर याने बांधविलेल्या त्या पिवळसर घुमटाच्या मंदिरात, रामचंद्रांनी आपले स्नेही डॉक्टर चमनलाल यांच्यासह बाप्तिस्मा घेतला होता, आणि त्यामुळे शहरात मोठीच खळबळ उडाली होती.

११ मे १८५७ रोजी मीरतेचे शिपाई दिल्लीत शिरले, त्या दिवशीच चमनलाल मारले गेले. रामचंद्र शहराबाहेर निसटून बचावले. सप्टेंबरात इंग्रजी फौजेने दिल्ली घेतली, रहिवाशांना शहराबाहेर हाकलून दिले, आणि रामचंद्र सरकारी कामावर त्या ओसाड शहरात परत आले. येथवरचा वृत्तांत त्या काळच्या इतर कित्येकांच्या वृत्तांतासारखाच आहे. परंतु यापुढे जे घडले ते मी पुनःपुन्हा वाचले आहे. इंग्रज अंमलदार त्यांच्या राहत्या घरावर विटा व ढेकळे फेकू लागले. रस्त्याने जात असता एका अंमलदाराने त्यांच्या डोक्यात काठी मारली. आपण ख्रिस्ती आहोत आणि सरकारी नोकर आहोत असे त्यांनी सांगितले असता त्याचा काही उपयोग झाला नाही, कारण त्या अंमलदाराच्या दृष्टीने त्यांचा वर्ण हाच त्यांचा गुन्हा होता.

अशा वेळी मनुष्य काय करतो? ज्यांचे स्नेही काही महिन्यांपूर्वी मारले गेले, ज्यांनी धर्मासाठी जात व घर गमावले, त्यांना त्याच धर्माच्या माणसाने रस्त्यात काठी मारावी, याहून तीव्र संतापाचे कारण मला कल्पिता येत नाही. तो राग आपल्या नोकरावर काढणे रामचंद्रांना सहज शक्य होते, कारण त्या दिवसांत जिंकलेल्या दिल्लीत कोणीही कोणाही दुर्बलावर हात टाकावा अशी स्थिती होती. धर्म सोडून देणे शक्य होते. क्षमेचे नाव देऊन मौन धरणे तर सर्वांत सोपे होते, आणि मंडळीतील पुष्कळांनी त्याची वाखाणणीच केली असती. त्यांनी यांपैकी काहीच केले नाही. नोव्हेंबर १८५७ मध्ये त्यांनी दिल्लीचे लष्करी गव्हर्नर कर्नल बर्न यांना एक पत्र लिहिले. त्यात घडलेली हकीकत क्रमाने नमूद केली, आणि तिच्या शेवटी आपल्या अंतःकरणातील व्यथाही मांडली. बंडखोरांकडून प्राणसंकट आले तेव्हा प्रेषितांनी आणि आद्य ख्रिस्ती लोकांनी असेच भोगले या विचाराने आपले समाधान होत असे. परंतु आपण इंग्लंडात जन्मलो नाही व आपली कातडी गोरी नाही एवढ्याच कारणास्तव ख्रिस्ती अंमलदारांकडून छळ सोसावा लागतो तेव्हा तेही समाधान उरत नाही, असा त्या मजकुराचा भावार्थ आहे.

या पत्रात क्रोध आहे, आणि तो लपविलेला नाही. तथापि त्याला तारीख आहे, पत्ता आहे, खाली सही आहे, आणि तो लिहिणाऱ्याहून बलवान असलेल्या माणसाकडे, म्हणजे जेथे दाद मागता येईल अशा ठिकाणी पाठविलेला आहे. त्यात अपशब्द नाही; ज्यांनी छळ केला त्यांच्या धर्माचीच साक्ष त्यांच्यासमोर ठेवलेली आहे. रामचंद्रांनी उत्तरायुष्यात जे वादग्रंथ लिहिले, त्यांच्या सुराविषयी माझे मत फारसे अनुकूल नाही. परंतु या एका पत्रासाठी ख्रिस्ती क्रोधाच्या इतिहासात त्यांना मानाचे स्थान दिले पाहिजे असे मला मनापासून वाटते.

रामचंद्रांनी जे केले त्याला शास्त्राधार आहे, आणि तो ख्रिस्ताच्या दुःखसहनाच्या वृत्तांतातच आहे. योहानाच्या शुभवर्तमानाच्या अठराव्या अध्यायात येशूला बांधून हन्नापुढे उभे केले असता जवळच्या एका कामदाराने त्याच्या तोंडात मारली असे सांगितले आहे. डोंगरावरील प्रवचनात दुसरा गाल पुढे करण्याविषयी सांगणारा तो येशू येथे गप्प राहत नाही, आणि हातही उचलीत नाही. आपले बोलणे चुकीचे असल्यास त्याबद्दल साक्ष दे, आणि ते योग्य असल्यास मला का मारतोस, एवढे तो त्या कामदाराला विचारतो. मारणाऱ्याला तो पुरावा मागतो. त्या प्रश्नात मारणाऱ्याची माणुसकी गृहीत धरलेली आहे. हा मनुष्य विचार करू शकतो, उत्तर देऊ शकतो, लाजू शकतो, असा विश्वास त्यात आहे. दुसरा गाल पुढे करणे या आज्ञेचा अर्थ लावताना हा प्रसंग डोळ्यांआड करून चालणार नाही. पण आमच्या उपदेशांत तो बहुतेक वेळा डोळ्यांआडच राहतो.

याच्याच शेजारी प्रेषितांच्या कृत्यांतील तेविसावा अध्याय ठेवून पाहावा. तेथे पौलाच्या तोंडात मारण्याचा हुकूम मुख्य याजक हनन्या देतो, आणि पौल संतापून त्याला चुना लावलेली भिंत म्हणतो, देव तुला मारील असेही बजावतो. जवळचे लोक त्याला हटकतात, तेव्हा हा मुख्य याजक आहे हे आपल्याला ठाऊक नव्हते असे सांगून, लोकांच्या अधिपतीविरुद्ध वाईट बोलू नये हा नियमशास्त्राचा दाखला तो स्वतःच देतो. पौलाचा राग अन्याय्य नव्हता. हुकूमच बेकायदेशीर होता, आणि तसे त्याने म्हटलेही. तरीसुद्धा शब्द मर्यादेबाहेर गेला हे त्याने त्याच बैठकीत, विरोधकांच्या देखत, कबूल केले. ख्रिस्ताप्रमाणे प्रश्न विचारणे आपल्याला प्रत्येक वेळी साधणार नाही, पण पौलाप्रमाणे त्याच ठिकाणी शब्द मागे घेणे तरी साधावे, एवढी अपेक्षा अवाजवी म्हणता येणार नाही.

देवसुद्धा पवित्र शास्त्रात रागावलेल्या माणसाशी प्रश्नानेच बोलतो. काइनाचे तोंड उतरले तेव्हा तू का संतापलास असे तो विचारतो. योनाला तर रागावणे योग्य आहे काय हा प्रश्न तो दोनदा करतो, आणि योना दुसऱ्या वेळी अगदी उद्धटपणे होय म्हणतो तेव्हाही त्याला फटकारून गप्प बसवीत नाही. ईश्वराने क्रोधाला दिलेली ही सुनावणी पाहिली म्हणजे आपण स्वतःच्या रागाला आतल्या आत दाबून टाकतो त्यात धर्मनिष्ठा कितपत आहे याची शंका येऊ लागते.

वाळवंटातील तपस्व्यांनी या विषयावर जेवढा विचार केला तेवढा क्वचितच कोणी केला असेल. चौथ्या शतकात एव्हाग्रियस याने, आणि त्याच्या मागोमाग जॉन कॅसियन याने, क्रोधाची सूक्ष्म परीक्षा केली आहे. माणसांपासून दूर गेल्याने क्रोध शमतो ही समजूत किती फोल आहे हे सांगताना कॅसियन स्वतःचा अनुभव देतो: एकांतात राहत असता, भांडायला माणूस नसल्यामुळे, तो आपल्या बोरूवर, चाकूवर आणि ठिणगी लवकर न पडणाऱ्या गारगोटीवर रागावत असे. आज्ञा न मानणाऱ्या संगणकावर ओरडणाऱ्या आपल्या पिढीला हा अनुभव परका वाटणार नाही. पुढे तेराव्या शतकात थॉमस अक्वायनस याने, विवेकाच्या मागून चालणारा क्रोध पाप नव्हे, उलट जेथे क्रोध यावा तेथे तो न येणे हाही दोष होऊ शकतो, असे प्रतिपादन केले. या तत्त्वचर्चेला पुढे एक स्वतंत्र प्रकरण दिले आहे, म्हणून येथे तिचा विस्तार करीत नाही.

याहून कठीण प्रकरण घरातल्या क्रोधाचे आहे. न्यायासनापुढील क्रोधाला निदान साक्षीदार असतात. घरातल्या क्रोधाचा वृत्तांत बहुधा जो रागावतो तोच सांगतो, आणि तो सांगताना त्यातून पुष्कळ गाळतो. मराठी ख्रिस्ती समाजाचे भाग्य असे की या नियमाला एक थोर अपवाद आपल्या भाषेत आहे. रेव्हरंड नारायण वामन टिळक यांचे कवित्व, त्यांची देशभक्ती, १८९५ मधला त्यांचा बाप्तिस्मा आणि त्यामुळे सुमारे पाच वर्षे झालेली पतिपत्नींची ताटातूट हे सर्व मराठी वाचकास ठाऊक आहे. परंतु त्या तेजस्वी पुरुषाचा संताप, त्याचे लहरीसरशी घर सोडून निघून जाणे, आणि तो परत येईपर्यंत मागे राहिलेल्या माणसांचे होणारे हाल आपल्याला ठाऊक आहेत ते केवळ लक्ष्मीबाईंनी १९३४ पासून भागशः प्रसिद्ध केलेल्या ‘स्मृतिचित्रां’मुळे. ज्या व्यक्तीवर तो राग कोसळत असे तिनेच हा वृत्तांत लिहिला, आणि तो लिहिताना पतीविषयीचे प्रेम व आदर तिळभरही कमी होऊ दिला नाही, तसेच सत्यही लपविले नाही. स्वतःचा हट्ट, स्वतःचा अबोला, सोवळ्याओवळ्यावरून आपण मांडलेली हुज्जत हीदेखील त्यांनी तितक्याच मोकळेपणाने नोंदली आहेत. टिळकांच्या प्रतिमेला या ग्रंथाने बाधा आली असे मला वाटत नाही. उलट, ख्रिस्ताच्या चरणी सर्वस्व वाहिलेला मनुष्यही तापटच राहू शकतो, आणि त्याचा ताप त्याच्या घरच्यांना सोसावा लागतो, हे एकदा सत्य म्हणून मान्य झाल्यामुळे, आपापल्या घरातील क्रोधाविषयी बोलण्यास आपणांस मोकळीक मिळाली.

ही मोकळीक आपल्या मंडळ्यांनी अद्याप पुरती घेतलेली नाही, आणि येथे मला स्पष्ट बोलले पाहिजे. नवऱ्याच्या हातचा मार खाऊन आलेल्या स्त्रीला क्षमेचे वचन ऐकवून परत पाठविण्याची जी रीत पुष्कळ ठिकाणी आहे, ती ख्रिस्ताच्या नावाखाली केलेला अन्याय आहे. मला का मारतोस हा प्रश्न त्या स्त्रीलाही विचारता आला पाहिजे, आणि नवरा त्याचे उत्तर देत नसेल तर तो तिने मंडळीपुढे, आणि अवश्य तर सरकारदरबारी विचारावा. २००५ चा घरगुती हिंसाचारापासून महिलांच्या संरक्षणाचा कायदा याचसाठी आहे. १८१ हा महिलांच्या मदतीचा दूरध्वनी क्रमांक प्रत्येक चर्चच्या सूचनाफलकावर असावा. फिर्याद करणे हे क्षमेच्या विरुद्ध आहे ही समजूत ज्यांची असेल त्यांनी ग्लॅडिस स्टेन्स यांचे उदाहरण आठवावे. २३ जानेवारी १९९९ रोजी ओडिशातील मनोहरपूर येथे पती ग्रॅहम आणि दोन कोवळी मुले जिवंत जाळली गेली असता त्या मातेने मारेकऱ्यांना क्षमा केल्याचे जाहीर केले. न्यायालयाचे काम मात्र आपल्या मार्गाने चालले आणि अपराध्यांना शिक्षा झाली. सूड घेण्याचा हक्क सोडून देणे, आणि जे घडले ते घडलेच नाही असे म्हणणे, यांत जमीनअस्मानाचे अंतर आहे.

दिल्लीतच, रामचंद्रांच्या त्या पत्रानंतर सुमारे अर्ध्या शतकाने, १९०४ मध्ये सेंट स्टीफन्स कॉलेजात चार्ल्स फ्रीअर अँड्र्यूज आले. फिजीतील गिरमिट्या मजुरांच्या हालअपेष्टांनी ते पेटून उठले, १९१५ मध्ये स्वतः तेथे गेले, आणि चौकशी करून अहवाल लिहिला. १९२० च्या आरंभी ती गिरमिट पद्धत तेथून उठली. परदुःखाने आलेला राग कसा वापरावा याचा तो धडा आहे; या पुस्तकाचा विषय त्याहून लहान व घरगुती असल्याने मी त्याचा केवळ उल्लेख करून पुढे जातो.

आता मुदतीविषयी. रागावा, पण पाप करू नका, आणि सूर्य मावळण्यापूर्वी राग संपवा, असा इफिसकरांस लिहिलेल्या पत्राच्या चौथ्या अध्यायाचा आशय आहे. या आज्ञेत राग येणे गृहीत धरलेले आहे, मनाई त्याच्या मुक्कामाला आहे. परंतु सूर्यास्तापूर्वी समेट होईलच असे नाही. समोरचा मनुष्य दूर असेल, बलवान असेल, किंवा हयातच नसेल. अशा रागाची नोंद करावयास स्तोत्रसंहिता आहे. तिच्यातील कित्येक स्तोत्रे म्हणजे देवाच्या दरबारात रुजू केलेल्या फिर्यादी आहेत, आणि एकशे नववे किंवा एकशे सदतिसावे स्तोत्र वाचताना तर त्यांतील शापांनी अंगावर काटा येतो. उपासनेत ही स्तोत्रे गाळून वाचण्याकडे आपला कल असतो. माझी विनंती अशी की ज्याच्या मनात राग साचला आहे त्याने ती एकांतात, मोठ्याने, देवाला उद्देशून वाचावीत. तो शाप ज्याच्याविषयी आहे त्याच्या कानी पडत नाही, न्याय करण्याचा अधिकार ज्याचा आहे त्याच्याच कानी पडतो. रोमकरांस लिहिलेल्या पत्रात सूड प्रभूकडे सोपवण्यास सांगितले आहे, आणि आपल्याला किती दुखले हे बोलल्याखेरीज काहीही सोपवता येत नाही.

पुढील प्रकरणांची मांडणी अशा क्रमाने केली आहे: प्रथम देवापुढे बोलण्याचा राग, नंतर बलवानापुढे मांडण्याचा राग, आणि अखेरीस, पुस्तकाच्या निम्म्याहून अधिक भागात, दुर्बलावर काढलेला राग. या शेवटच्या भागासाठी मत्तयाच्या पाचव्या अध्यायातील आज्ञा आधारभूत धरली आहे. वेदीपाशी अर्पण आणले असता आपल्या भावाच्या मनात आपल्याविषयी काही आहे असे आठवल्यास अर्पण तेथेच ठेवून प्रथम समेट करण्यास जावे, असे तीत सांगितले आहे. येथे राग आलेल्या माणसाने जावयाचे नसून, ज्याच्यामुळे दुसऱ्याला राग आला त्याने जावयाचे आहे, ही गोष्ट वाचकाने लक्षात घ्यावी. ज्या पहारेकऱ्यावर, ज्या कामवाल्या बाईवर, ज्या मुलावर आपण ओरडलो, त्याच्याही अंतःकरणात क्रोध आहे. तो बोलू शकत नाही म्हणून आपल्याला ऐकू येत नाही इतकेच. प्रभुभोजनास जाण्यापूर्वी फाटकापाशी थांबून त्या पहारेकऱ्याची, त्याच्या नावाने हाक मारून, माफी कशी मागावी, ती मागताना स्वतःच्या थकव्याचे व दगदगीचे निमित्त पुढे करण्याचा मोह कसा आवरावा, आणि त्याने ती दिली नाही तर काय करावे, हा या भागातील पहिल्या अभ्यासपाठाचा विषय आहे.